तांबडा अर्धा आणा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली आली. आत आजोबांचा तिकिटांचा अल्बम, मोडीतल्या पत्रांचं एक दप्तर, संस्थानकाळातले कोर्टाचे कागद आणि एक पितळी अडकित्ता निघाला. अडकित्ता आज्जींनी लगेच ताब्यात घेतला. बाकीच्याचं काय करायचं ते कुणाला सुचेना, म्हणून थोरल्या नातवानं अल्बमच्या पानांचे फोटो काढून ओळखीतल्या चार जणांना पाठवले. घरात त्याला सगळे दादा म्हणतात. तासाभरात एकाचं उत्तर आलं: हा लाल अर्धा आणा म्हणजे १८५४ साली छापलेलं, पण कधीच विक्रीला न आलेलं तिकीट, किंमत सांगता येत नाही एवढी. 'सांगता येत नाही' याचं रात्रीच्या जेवणापर्यंत 'एक कोटी' झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. चाळीस वर्षं तिकिटं जमवतोय एवढीच माझी पात्रता. मी पोचेपर्यंत एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याचा फोनही येऊन गेला होता: तिकीट कुरियरनं पाठवा, बघतो, मग बोलू. दादा पाकीट तयार करायलाच बसला होता. ते आधी बाजूला ठेवायला लावलं. तपासणी न झालेली वस्तू मालकाच्या हातातून जाते, तेव्हा परत येताना ती तीच असते याची खात्री कुणी द्यायची?

'कधीच न निघालेलं' हे शब्द कानावर पडले की माणसं पुढचे प्रश्न विचारायचं विसरतात, आणि पुष्कळदा मीही त्यात असतो. म्हणून हे प्रकरण लिहून काढतोय.

घरच्यांचं म्हणणं

अल्बमच्या पहिल्याच पानावर, वरच्या ओळीत, ते एकटंच होतं. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा, वर 'इंडिया', खाली 'हाफ अॅना' अशी इंग्रजी अक्षरं, दोन्ही बाजूंना उभी कमानींची नक्षी. तपकिरी कागदाच्या तुकड्यावर ते घट्ट डकवलेलं होतं आणि तो तुकडा पानावर हिंजनं, म्हणजे गोंद लावलेल्या छोट्या कागदी पट्टीनं, लावलेला. खाली पेन्सिलीनं मोडीत एक ओळ. मला मोडी येत नाही. कोल्हापुरात जन्म काढून मोडी येत नाही याची लाज वाटते, पण खरं ते खरं.

दादानं आपली बाजू वकिलासारखी मांडली. "हे बघा काका, एक म्हणजे याच्या कडेला दाते नाहीत, म्हणजे जुनं. दोन, शिक्का नाही, म्हणजे वापरलंच नाही. तीन, अर्धा आणा निळा असतोय हे मी वाचलंय, खरं हे लाल हाय. आणि चौथं, आजोबांनी पहिल्या पानावर लावलंय. उगंच लावतील व्हय?"

चारही मुद्दे खरे होते. चौथा तर सगळ्यांत खरा, हे नंतर कळलं.

हिंगूळ संपला तेव्हा

या तिकिटाची मूळ गोष्ट कलकत्त्याची आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढची तपासणी समजणार नाही.

त्याआधी सिंधमध्ये एक प्रयोग झाला होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १८५२ साली 'सिंध डाक'ची अर्ध्या आण्याची तिकिटं काढली. पहिली लाखेची होती, लाल. लाख तडकायची, तुकडे पडायचे. मग पांढऱ्या कागदावर उठावाची आली, मग निळी. पण ती फक्त सिंधपुरती. अख्ख्या कंपनी सरकारच्या मुलखात एकच दर लावायचा तर लाखांनी तिकिटं लागणार होती.

काम आधी कलकत्त्याच्या टांकसाळीकडे गेलं. कर्नल फोर्ब्ज यांनी सिंह आणि ताडाचं झाड असलेला एक देखणा नमुना केला. तोही कधी तिकीट म्हणून निघाला नाही, कारण टांकसाळीच्या यंत्रावर हवा तेवढा माल वेळेत निघणं शक्य नव्हतं. मग काम सर्व्हेअर जनरलच्या कचेरीत आलं. तिथं नकाशे छापायला शिळाप्रेस, म्हणजे दगडावरून छापायचं यंत्र, होता आणि डेप्युटी सर्व्हेअर जनरल कॅप्टन थुइलियर होते. पुढे हेच सर्व्हेअर जनरल झाले. राणीचा मुखवटा कोरणारा कारागीर मात्र इथलाच होता. इंग्रजी कागदांत त्याचं नाव 'न्युमेरोदीन' अशा मोडक्यातोडक्या रूपात येतं. मूळ नाव नुमीरुद्दीन की मुनीरुद्दीन यावर जाणकार अजून बोलत बसतात. हिंदुस्थानच्या पहिल्या सार्वत्रिक तिकिटाचा कारागीर, आणि त्याचं नाव धड लिहून ठेवायची तसदी कुणी घेतली नाही.

१८५४च्या एप्रिलात अर्ध्या आण्याची छपाई सुरू झाली ती लाल रंगात. शाईसाठी विलायतेहून आलेला हिंगूळ, म्हणजे लाल रंगाची पूड, वापरला होता. सुमारे ९०० तक्ते छापून झाले आणि तो हिंगूळ संपला. इथला हिंगूळ वापरून पाहिला तर दगडावरची आकृतीच बिघडायला लागली. शिळाछापाचं तंत्र नाजूक असतं. दगडावर तेलकट शाईनं आकृती उतरवायची, दगड ओला ठेवायचा, म्हणजे छपाईची शाई फक्त आकृतीवर बसते, ओल्या भागावर नाही. त्या शाईतल्या रंगद्रव्यानं तेलकट आकृती खाल्ली, की राणीचं नाक आधी जातं आणि मग सगळंच. कोल्हापुरात चित्रकारांची काही कमी नाही. शेंदूर, हिंगूळ आणि गेरू ही तीन वेगळी प्रकरणं आहेत हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

विलायतेहून नवा हिंगूळ यायला महिने लागले असते. थुइलियरनी सरळ रंग बदलला. आकृती नव्यानं मांडली आणि मे महिन्यापासून अर्धा आणा निळ्या शाईत छापायला घेतला. लाल रंग पुढे एक आण्याच्या तिकिटाला मिळाला, हिरवा दोन आण्याच्या. चार आणे लाल-निळे, दोन छापांत काढलेले. त्यातलीच काही राणी उलटी छापून गेली आणि जगप्रसिद्ध झाली.

छापून ठेवलेल्या लाल अर्ध्या आण्यांतला काही साठा मुंबईलाही रवाना झाला होता. पण अधिकृतपणे ती तिकिटं निघाली नाहीत. १ ऑक्टोबर १८५४ला नवे दर लागू झाले ते निळ्या अर्ध्या आण्यावर: पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, अर्ध्या तोळ्याला एक आणा. पाव तोळा म्हणजे आजच्या हिशेबानं तीन ग्रॅमला जरा कमी, बारीक अक्षरात लिहिलेला एक पातळ कागद. तिकीट न लावता टाकलेलं पत्र 'नाटपेड', म्हणजे 'नॉट पेड', त्याला दुप्पट. आपल्या आज्या-पणज्यांच्या बोलण्यात हा शब्द अगदी परवापर्यंत होता.

त्याच १८५४ साली मेजर ग्रॅहम यांचा कोल्हापूर संस्थानावरचा जाडजूड अहवाल मुंबईत छापून निघाला. रेल्वे इथं यायला अजून सदतीस वर्षं होती. कोल्हापूरची पत्रं तेव्हा डाक धावणाऱ्यांच्या खांद्यावरून येत होती.

खिडकीजवळ

ओळख पटवायची पहिली खूण सोपी आहे. न निघालेल्या लाल अर्ध्या आण्याच्या उभ्या कडेला साडेनऊ कमानी असतात. तिकिटांच्या जगात त्याला 'साडेनऊ कमानी'च म्हणतात. हे गणित जुळलं नाही तर पुढं बघायची गरज नाही.

दादानं अल्बम खिडकीत धरला. मी काडीनं एकेक कमान मोजली. साडेनऊ. दुसरी बाजू मोजली. साडेनऊ. मग दादाला मोजायला लावली, मग शेजारून आलेल्या एका गृहस्थांना. सगळ्यांच्या साडेनऊच भरल्या. खोटं कशाला बोलू, त्या मिनिटाला माझ्याही मनात कोटीचा आकडा येऊन गेला. वहिनी चहा घेऊन आल्या आणि आमचे चेहरे बघून तशाच उभ्या राहिल्या.

मग भिंग काढलं, दहापट दाखवणारं.

राणीच्या गालावर ठिपके दिसले. शिळाछापात लाल म्हणजे सलग लाल असतो, कुठं दाट, कुठं जरा फाटलेला, पण एकाच शाईचा. इथं गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या ठिपक्यांची बारीक जाळी होती, वर्तमानपत्रातल्या रंगीत फोटोत असते तशी. डोळ्यांना लांबून जो हिंगुळी रंग वाटत होता तो या ठिपक्यांच्या मिसळीतून झाला होता. ही पद्धत १८५४ साली अस्तित्वातच नव्हती.

दोन गोष्टी आणखी बघितल्या. दिव्यासमोर धरल्यावर तपकिरी कागदातून मागची दोन इंग्रजी अक्षरं उलटी दिसली, म्हणजे पाठीमागेही मजकूर छापलेला होता. आणि अल्बमच्या शेवटच्या पानावर एक निळा अर्धा आणा होता, त्याच्याशेजारी ठेवल्यावर हा लाल उंचीला जवळजवळ दोन मिलिमीटर कमी भरला. एखाद्या नियतकालिकात किंवा पुस्तकात छापलेल्या खऱ्या तिकिटाच्या चित्रातून तो कापलेला होता. म्हणून तर साडेनऊ कमानी बरोबर भरल्या. चित्र खऱ्याचंच होतं, मोजणीत चूक सापडणार कशी?

आता ज्याला कुणाला असं काही सापडेल त्याला माझं सांगणं एवढंच, की मोजायच्या आधी भिंग लावा. मी उलट्या क्रमानं केलं आणि एका घराला दहा मिनिटं फुकट कोट्यधीश केलं.

शिक्का नाही, म्हणजे काय?

दादा लगेच हार मानणारा नाही. त्याचा दुसरा मुद्दा त्यानं परत काढला: जे निघालंच नाही त्याला शिक्का कसा असेल? म्हणजे शिक्का नसणं हा पुरावाच की.

हा भ्रम पुष्कळांना असतो, म्हणून जरा थांबतो. न निघालेल्या तिकिटालाही शिक्का असू शकतो, आणि असला तर त्याची किंमत सगळ्यांत जास्त होते. इंग्लंडात १९१० साली सातव्या एडवर्डचं दोन पेन्सचं जांभळट तिकीट छापून तयार होतं, 'टिरियन प्लम' म्हणतात ते. दोन कोटी चाळीस लाख प्रती. ६ मेला राजा वारला आणि जवळजवळ सगळा साठा नष्ट केला. पण एक तिकीट आदल्या दिवशी एका पाकिटाला लावून युवराजांना, म्हणजे पुढच्या पंचम जॉर्जना पाठवलं गेलं होतं. ते स्वतः हाडाचे संग्राहक. ते पाकीट अजून राजघराण्याच्या संग्रहात आहे. जर्मनीत २००१ साली हॉलिवूडची नटी ऑड्री हेपबर्न हिचं तिकीट असंच छापून रद्द झालं, कारण चित्रात तिच्या तोंडात सिगारेटची नळी होती आणि मुलानं परवानगी नाकारली. एक कोटी चाळीस लाख छापली होती. तरी त्यातली मोजकी तिकिटं पत्रांवर लागून, शिक्का खाऊन बाहेर आलीच. जी न वापरलेली दहा तिकिटांची शीट वाचली ती २०१०मध्ये बर्लिनला ४,३०,००० युरोला गेली.

म्हणजे शिक्का आहे की नाही यावरून काही ठरत नाही. तिकीट छापखान्यातून बाहेर कसं आलं याची साखळी लागते, आणि ती साखळी बहुतेक वेळा पाकिटावर असते: कुठून, कधी, कुणाला. आम्हाला लहानपणी शिकवलं काय, तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवा आणि पाकीट टाकून द्या. कोल्हापुरातल्या किती घरांतून असा इतिहास बादलीत गेला असेल, विचारू नका.

वहिनींनी मधेच विचारलं, मग ते गांधीजींचं दहा रुपयांचं, तेही न निघालेलंच ना? नाही. १९४८चं ते तिकीट निघालं होतं. स्वित्झर्लंडमध्ये छापून १५ ऑगस्टला विक्रीला आलं. त्यातल्या शंभरच प्रतींवर गव्हर्नर जनरलच्या वापरासाठी 'सर्व्हिस' असं छापलं होतं आणि त्याच दुर्मिळ. त्यातली चारांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना गेली. ट्रंकेत तसलं काही नव्हतं, आधीच सांगून टाकलं.

कोर्टाच्या कागदांवरून कापलेली 'कोल्हापूर' लिहिलेली दोन छापील तिकिटं मात्र होती. तीही 'संस्थानची न निघालेली टपाल तिकिटं' म्हणून दादानं बाजूला काढली होती. ती कोर्ट फीची तिकिटं. कोल्हापूर संस्थानानं टपालाची स्वतःची तिकिटं कधी काढलीच नाहीत. आपल्याकडच्या संस्थानांत भोरनं १८७९ला काढली होती, आपण नाही. एवढ्यावर तो विषय संपला.

शेवटच्या पानावरचा निळा

खरं प्रकरण इथून सुरू झालं, आणि तेही योगायोगानं. उंची मोजायला काढलेला तो निळा अर्धा आणा मी परत ठेवत होतो. त्याच्यावर काळ्या ठिपक्यांचा, पतंगासारखा चौकोनी शिक्का होता आणि उजव्या कोपऱ्यात तो अर्धवट तुटलेला होता. शिक्क्याचा उरलेला भाग कशावर तरी उमटला असणार. आणि पलंगावर मोडी पत्रांचं दप्तर पडलेलं.

आम्ही एकेक पत्र उलगडत गेलो. त्या काळी बहुतेकांना पाकीट नसायचं, पत्राचाच कागद घडी घालून त्यावर पत्ता लिहायचा. वाळवीनं दोन पत्रं चाळण करून टाकली होती. सतराव्या की अठराव्या कागदावर पत्त्याच्या बाजूला एक चौकोन दिसला, भोवतालच्या पिवळेपणात जरा उजळ. त्याच्या उजव्या कडेला पाच-सहा काळे ठिपके कागदावर मोकळे सांडलेले. चिमट्यानं निळं तिकीट त्या चौकोनावर ठेवलं. ठिपक्यांची ओळ तिकिटावरून कागदावर अशी सरळ गेली, की दादा "आईच्यान!" म्हणून ओरडला आणि आज्जींनी त्याला तिथूनच दटावलं.

पत्र वाचायला दुसऱ्या दिवशी एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींना आणलं. पुण्याहून आलेलं होतं, पणजोबांच्याही आधीच्या कुणा पुरुषाला. गुळाच्या ढेपांचे पैसे राहिलेत, पागोटं अजून मिळालं नाही, घरची मंडळी खुशाल. शके १७७७, माघ. म्हणजे १८५६च्या फेब्रुवारीच्या मागंपुढं. त्याच वर्षात लंडनच्या दे ला रू कंपनीनं छापलेले अर्धे आणे यायला लागले आणि कलकत्त्याच्या शिळाछापाची सद्दी संपली. त्या शेवटच्या दिवसांतलं हे पत्र.

किमतीचं विचाराल तर सुटा निळा अर्धा आणा बाजारात मिळतो, त्याचं अप्रूप नाही. स्वतःच्या पत्रासकट, तारखेसकट, कोल्हापूरच्या पत्त्यासकट असलेला मात्र सहज मिळत नाही. काय करायचं ते घरच्यांनी ठरवायचं. मी दोनच गोष्टी सांगितल्या. तिकीट परत चिकटवू नका, दोन्ही शेजारी-शेजारी एकाच पारदर्शक पाकिटात ठेवा. आणि विकायचंच झालं तर आधी तज्ज्ञ समितीचं सर्टिफिकेट घ्या. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीसारख्या संस्था अशी तपासणी करतात. कुरियर मागणाऱ्या व्यापाऱ्याला दादानं स्वतःच फोन केला. काय बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुजी उठायला लागले तेव्हा आज्जींना आठवण झाली. "अहो, त्या पहिल्या पानावरचं तेवढं वाचा की. ह्यांचंच अक्षर हाय ते."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि लाल चित्राखालची पेन्सिलीची ओळ वाचली: "अर्धा आणा, तांबडा. हा मिळणार नाही. जागा धरली."

आजोबांनी कुणाला फसवलं नव्हतं. अल्बममध्ये जे तिकीट आपल्या आवाक्यात येणार नाही त्याचं चित्र कापून तिथं लावायचं, म्हणजे ओळ मोकळी दिसत नाही, ही जुनी रीत आहे. माझ्याही अल्बमात अशी दोन चित्रं आहेत.

दादा ते चित्र काढून टाकणार होता. आज्जी म्हणाल्या, "राहू दे तिथंच. एस्टीत रुमाल टाकून जागा धरायचे, तसं केलंय त्यांनी."